बसलिंगअप्पांची शेवटची पंगत

बसलिंगअप्पांच्या दुकानातून भांडं बिननावाचं बाहेर पडत नसे. वडवणीच्या बाजारपेठेत त्यांचं स्टील-पितळेचं दुकान होतं आणि वरच्या दोन खोल्यांत ते एकटे राहत; मुलगा संभाजीनगरला असे. गिऱ्हाईक चमचा घेवो की पाण्याची टाकी, अप्पा कपाळावरचा चष्मा नाकावर आणत आणि विचारत, "नाव?" एखाद्याची बीडची एसटी सुटायला आलेली असली तरी त्याची सुटका नसे. "बिननावाचं भांडं म्हंजी जत्रंत सोडल्यालं लेकरू," ते म्हणत. "कुणाच्याबी घरी जाऊन बसंल." नावं टाकायचं विजेचं यंत्र कधीच निघालं होतं. अप्पा मात्र छिन्नी आणि छोटी हातोडीच वापरत. टिंब, टिंब, टिंब. आमचं घर गल्लीत समोरच आहे. तो आवाज माझ्या सगळ्या अभ्यासाच्या मागे वाजत राहिला आहे.

मी बीडच्या इंग्रजी शाळेत जायला लागले तेव्हा आई मला डबा घ्यायला त्यांच्याकडे घेऊन गेली. अप्पांनी नाव विचारलं. मी सांगितलं, पण मला स्वतःलाच ऐकू आलं नसेल इतक्या हळू. त्यांनी पुन्हा विचारलं. मी आईच्या पदराआड गेले. आई माझं नाव सांगणार, तेवढ्यात त्यांनी हात वर करून तिला थांबवलं आणि मी बोलेपर्यंत फडक्यानं तो डबा पुसत बसले. दोन गिऱ्हाइकं ताटकळली. शेवटी मी सांगितलं.

डबा हातात आला तेव्हा त्यावरची टिंबं आईच्या डब्यापेक्षा खोल होती. आईनं विचारलं, "एवढं खोल कशाला हो अप्पा?"

"हळू बोलणाऱ्याचं नाव खोल टाकावं लागतं," अप्पा म्हणाले.

तो डबा अजून आहे. तळ झिजला, नाव झिजलं नाही.

अप्पांचा दुसरा उद्योग भजनांचा. दर सोमवारी मठात भजन असे आणि गावात पहिला टेपरेकॉर्डर त्यांच्याकडे आलेला. त्यामुळे तरुणपणापासून ते प्रत्येक सोमवारी मशीन घेऊन खांबाशी बसत. ते स्वतः कधी गात नसत. त्यांच्या मते त्यांचा आवाज 'पातेलं घासल्यासारखा' होता. कोण गायलं, मृदंगावर कोण, सगळं कॅसेटच्या कागदावर त्यांच्या टिंबांसारख्या गोल अक्षरात. अशा शेकडो कॅसेटी झाल्या. पुढे त्यांना बुरशी लागायला लागली तेव्हा त्यांचा भाचा सुट्टीत आला आणि त्यानं ते सगळं कॉम्प्युटरवर घेतलं. कॅसेटी नंतर फेकूनच द्याव्या लागल्या. गावातली निम्मी माणसं पुण्या-सोलापूरकडे गेलेली. जो तो "अप्पा, आमच्या बाबांचं भजन पाठवा" म्हणून मागे लागे. भाच्यानं मग त्याचं टोरंट करून दिलं आणि तो नोकरीला निघून गेला. चालू कसं ठेवायचं ते बघायला अप्पांना शेजारची, कॉम्प्युटर शिकणारी मी उरले.

टोरंटमध्ये फाइल एका कुठल्या मोठ्या कंपनीकडे ठेवलेली नसते. ती ज्यांच्या ज्यांच्याकडे आहे त्यांची मशीनं ती तुकड्या-तुकड्यांनी एकमेकांना देत राहतात. घेणाराही घेता घेता दुसऱ्याला देतो. कुणाचंच मशीन चालू नसेल तर मागणाऱ्याला काही मिळत नाही. हे मी अप्पांना अर्ध्या इंग्रजीत, जमिनीकडे बघत सांगितलं. ते म्हणाले, "म्हंजी पाणपोई हाय. निस्ती इतं पिणारा बी जाता जाता एक तांब्या वतून जातो." दुकानापुढे उन्हाळ्यात त्यांचा रांजण असायचाच. त्या दिवसापासून कॉम्प्युटर हा त्यांचा दुसरा रांजण झाला. दुकानाच्या मागच्या फळीवर, धुतलेल्या उपरण्याखाली, बारा महिने चालू.

वीज गेली की इन्व्हर्टरवर एक तर पंखा चालायचा, नाही तर कॉम्प्युटर. मे महिन्यात भर दुपारी लग्नाची भांडी घ्यायला आलेली माणसं घामानं भिजून जात.

"अप्पा, पंखा तरी लावा की. माणसं मरायलीत."

"कुनी मरत न्हाई. पंखा लावला तर तिकडं बार्शीचा माणूस आर्ध्या भजनात ऱ्हाईल."

"आन आमी आर्ध्या खरेदीत चाललो त्याचं काय?"

"तुमी जाऊन जाऊन कुटं जाताल? तलवाड्याला? तितला भांडेवाला नाव टाकून देत न्हाई." आणि ते हातपंख्यानं त्या तक्रार करणाऱ्या बाईला वारा घालत, बोलतच राहत.

त्या सगळ्या भजनांत एकच भजन त्यांच्या घरचं होतं. गंगाकाकू, त्यांची बायको, मी लहान असतानाच गेली. मला तिचे फक्त हिरव्या बांगड्यांचे हात आठवतात. तिचा आवाज फार चांगला होता असं आई सांगते, पण ती मशीनपुढे गायची नाही. मशीन दिसलं की तोंडाला पदर लावायची. एका सोमवारी अप्पांनी मशीन खांबामागे झाकून ठेवलं आणि तिला कळू न देता टेप केलं. कळल्यावर ती दोन दिवस बोलली नव्हती म्हणे. एवढी एकच फाइल. नाव साधं, 'गंगा, सोमवार'. अप्पा ती कुणापुढे वाजवत नसत. सकाळी दुकान उघडल्यावर, पहिलं गिऱ्हाईक यायच्या आत, आवाज बारीक करून एकदा ऐकत. समोरच्या ओट्यावर एसटीची वाट बघताना मला ती पुसट ऐकू यायची.

कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी अप्पांनी मला विचारलं, "माय, तुज्या लॅपटॉपवर बी एक रांजण ठिवतीस का? एकाला दोन असल्यालं बरं." मी हो म्हणाले आणि सगळं उतरवून घेतलं. काही महिने चालवलंही. मग प्रोजेक्टच्या वेळी लॅपटॉप भरला. मी ते फोल्डर उडवलं. परीक्षा झाली की परत घेऊ असं ठरवलं आणि घेतलं नाही. अप्पांना सांगितलंही नाही. सांगण्यासारखं त्यात काही वाटलं नव्हतं.

पुढच्या वर्षी त्यांच्या मशीनची डिस्क कटकट आवाज करायला लागली. जुनी झाली, आता कधीही जाईल, असं मी म्हणाले. अप्पा बीडहून नवी डिस्क घेऊन आले. सगळं तिकडे हलवायचं होतं, पण टोरंट न तुटता. त्या प्रोग्रामला फाइल कुठं आहे हे ठाऊक असावं लागतं. आपल्या हातानं उचलून दुसरीकडे ठेवलं तर तो जुन्या जागीच शोधत बसतो. त्यालाच सांगायचं की आता जागा ही, मग तो स्वतः नेतो, तपासतो आणि देणं चालू ठेवतो. माझे दोन दिवस पेपर होते. "मी आल्यावर करू अप्पा, तुम्ही हात लावू नका," मी म्हणाले. नेहमीसारखी पुटपुटलेच असणार. त्यांनी मान हलवली होती. त्यांना काय ऐकू गेलं ते मला माहीत नाही.

डिस्कची कटकट वाढली तशी त्यांना धीर धरवला नाही. मी परत आले तेव्हा ते फळीपुढे स्टुलावर बसले होते. उपरणं हातात होतं.

त्यांनी एकेक भजन कापून नव्या डिस्कवर चिकटवलं होतं. घर बदलायलोतच तर नावंही नीट करू, म्हणून गेलेल्या प्रत्येक गवयाच्या नावाआधी 'लिं.' टाकलं होतं. आमच्या भागात लिंगायत घरांत माणूस गेला की नावाआधी लिंगैक्य लावतात, त्याचं हे आखूड रूप. स्मरणार्थ वाटायच्या भांड्यांवर त्यांनी आयुष्यभर तेच टाकलं होतं. प्रोग्रामला अर्थात यातलं एकही नाव ओळखू येईना. सगळी यादी लाल.

"ह्ये काय बिघडत न्हाई, होतंय ना नीट?" त्यांनी विचारलं.

ते होण्यासारखं होतं. मी एकेक नाव पूर्वीसारखं करायला लागले. 'लिं.' पुसायचं, पुढचं घ्यायचं. अप्पा बघत होते. दहा-बारा नावं झाल्यावर म्हणाले, "सगळ्याला परत जित्तं करायलीस की बे." 'बे' ते मला कधी म्हणत नसत. घाबरले होते, म्हणून थट्टा.

मग मी प्रोग्रामला नवी जागा दाखवली. तो एकेक फाइल तपासत गेला आणि यादी वरून खाली हिरवी होत गेली. एक राहिली. तपासून तपासून ती साठ टक्क्यांच्या जरा पुढे येऊन थांबली. 'गंगा, सोमवार'.

हलवता हलवताच जुनी डिस्क मेली होती आणि नेमकी तीच फाइल वाटेत होती.

"ही शेवटी घेतली होती का?" मी विचारलं.

अप्पांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की मला हा प्रश्न पडावा याचंच त्यांना नवल वाटलं असावं. "मग? घरचं माणूस आदी बसतंय व्हय पंगतीला? पावनं जेवल्यावर घरचं."

मी जुनी डिस्क परत परत लावून पाहिली. ती नुसतं टक् टक् करायची. बीडच्या दुरुस्तीवाल्यानं ती पुण्याला पाठवली, तिथून 'काही निघत नाही' असा निरोप आला. पण हे पुढचं. त्या दुपारी अप्पांना त्याची काळजीच नव्हती. त्यांनी सुटकेचा श्वास सोडला होता आणि चहा सांगायला उठले होते.

"तुज्याकडं तर हायच की, माय. दुसरा रांजण."

मी म्हणाले, "नाही अप्पा. जागा नव्हती. मी काढून टाकलं."

हे मात्र मी स्पष्ट बोलले असणार, कारण त्यांनी पुन्हा विचारलं नाही. दारात उभे राहिले. उपरण्याची घडी घातली, मोडली, परत घातली. मग म्हणाले, "जागा लागतीच की." आणि चहा सांगायला गेले. चहा आला. बशीत ओतून त्यांनी मला आधी दिला.

त्या विषयावर ते नंतर कधीही बोलले नाहीत. एकदा तरी बोलले असते तर बरं झालं असतं.

आता ते भजन ज्या कुणी पूर्वी उतरवून घेतलं असेल, त्याचं मशीन चालू होण्यावर सगळं होतं. अप्पांनी वही काढून फोन करायला सुरुवात केली. मी काउंटरशी बसून ऐकत असे. पलीकडचे आवाज फोनमधून बाहेर येत. "अप्पा, आमी बाबांचं तेवढंच घेतलतं." "आमच्या काकांची दोन हायत बगा, ती पाठवू का?" सगळ्यांनी आपापला माणूस नेला होता. गंगाकाकूचं आपलं म्हणणारं एकच घर, आणि ते इथं फोन धरून बसलं होतं. अप्पा कुणावर चिडले नाहीत. "बराबर हाय. ज्यानं त्यानं आपलं न्यावं," म्हणत आणि वहीतल्या त्या नावावर बारीक टिंब देत.

एके दिवशी दुपारी मी सहज बघितलं तर आकडा हलत होता. कुणीतरी आलं होतं. सत्तर, ऐंशी. मी अप्पांना हाक मारली. ते हातातली परात तशीच घेऊन आले. आम्ही दोघं उभ्या उभ्या बघत होतो. मग तो माणूस गेला. त्याचं मशीन बंद झालं असेल, नेट गेलं असेल. आकडा थांबला.

"किती?"

"नाइन्टी वन."

"म्हंजी?"

मला मराठी आकडे साठाच्या पुढे अजूनही झटकन येत नाहीत. मी अडखळले. "नव्वद... आणि एक."

"एक्क्याण्णव," ते म्हणाले. "एवढं इंग्रजी शिकलीस आन एक्क्याण्णव येत न्हाई?" त्यांनी परात खाली ठेवली. स्क्रीनवरून त्यांची नजर हलली नव्हती. "कोन असंल ग त्यो?"

मला सांगता येत नव्हतं. नुसते आकड्यांचे पत्ते दिसतात, माणूस दिसत नाही.

"आपल्यातला न्हाई. आपल्यातल्या समद्याला मी इचारलंय." मग म्हणाले, "म्हंजी कुनीतरी परकं माणूस तिला ऐकतंय."

त्या दिवसानंतर त्यांच्या चौकशीचा सूर बदलला. आधी ते सकाळी "आलं का?" विचारायचे, आता "आला का त्यो?" विचारायला लागले. तो बहुतेक नोकरीवाला असावा, रजेच्या दिवशीच मशीन लावत असावा. तो म्हातारा असावा. आईला घेऊन राहत असावा. कोणत्या तरी सोमवारी त्याची एसटी वडवणीत बंद पडली असेल आणि त्यानं मठात भजन ऐकलं असेल. असं काय काय ते एखाद्या पातेल्यावर नाव टाकता टाकता मला सांगत. मी त्यांना अडवलं नाही.

मी एक मूर्खपणा सुचवला होता. ते भजन अप्पांना पाठ होतं. मी म्हणाले, उरलेलं तुम्ही म्हणा, मी रेकॉर्ड करून शेवटी जोडते. ते बराच वेळ हसले. "मशीन घील का?"

घेणार नव्हतंच. टोरंट एकेक तुकडा मूळ ठशाशी ताडून बघतं. एवढासा फरक असला तरी टाकून देतं.

"शहाणं हाय," अप्पा म्हणाले. "गंगाच्या जागी पातेलं घासल्यालं कशाला घील?"

पुढे मला कळलं की प्रोग्रामच्या आतूनच नावं बदलली तर त्याला चालतात. मग एका रविवारी आम्ही दोघांनी बसून सगळ्या गेलेल्यांना त्यांचं 'लिं.' परत दिलं. ते नाव सांगत, मी टाकत होते. गंगाकाकूच्या नावावर आल्यावर मी थांबले. त्यांनी हातानंच पुढं जा अशी खूण केली. "आर्धवट माणसाला कसं टाकावं? पुरं आलं की टाकू."

अप्पा मागच्या हिवाळ्यात गेले. मूत्रपिंडाचं दुखणं होतं. मुलानं संभाजीनगरच्या दवाखान्यात ठेवलं होतं, तिथेच. गावात आणलं तेव्हा मठातल्या माणसांनी भजन म्हटलं. त्यातले दोघं फोनवर अप्पांचंच रेकॉर्डिंग लावून त्यामागे म्हणत होते, कारण ती चाल आता कुणाला येत नाही. त्यांच्या स्मरणार्थ वाट्या वाटल्या. त्यावर यंत्रानं छापलेलं नाव आहे, देखणं आणि उथळ. आमच्याकडची वाटी आई रोज घासते. 'लिं.' आताच दिसेनासं झालंय.

दुकानात आता मोबाइलची कव्हरं मिळतात. मशीन माझ्याकडे आहे, माझ्या खोलीत, त्याच उपरण्याखाली. पहिल्या पगारातून मी मोठी डिस्क आणली आणि सगळं तिच्यावर हलवलं. प्रोग्रामला सांगून, नीट. तो नेत होता आणि नेता नेताच बार्शीला, पुण्याला देतही होता, एकदाही न तुटता. गंगाकाकूला मी सगळ्यांच्या आधी बसवलं. अप्पा रागावले असते. आकडा अजून एक्क्याण्णव आहे. आता मला तो चटकन म्हणता येतो.

मला अप्पा आठवतात ते दवाखान्याला निघाले त्या सकाळचे. मुलगा गाडी आणायला गेला होता. मशीन तू घेऊन जा, असं अप्पांनी आदल्या दिवशी सांगितलं होतं म्हणून मी गेले. शटर अर्धं वर होतं. खालून त्यांचे पाय दिसत होते, स्टुलाच्या दांडीवर टेकलेले, सुजलेले. आत काकूचं भजन चालू होतं. मी वाकून आत जाणार होते, पण थांबले. ते नेहमीच्या ठिकाणी आलं आणि एका शब्दाच्या मधेच तुटलं. एरवी ते तिथं बंद करत. त्या दिवशी जरा वेळ काहीच ऐकू आलं नाही. मग त्यांनी तो अर्धा शब्द पुरा केला आणि पुढचं म्हणायला लागले. आवाज खरंच वाईट होता. खरखरीत, श्वास न पुरणारा, दोन ठिकाणी तर नुसती कुजबूज. पण त्यांनी एकही ओळ सोडली नाही. शेवटची ओळ मठात दोनदा घेतात, त्यांनीही दोनदा घेतली.

नंतर उपरणं झटकल्याचा आवाज आला.

"ये की आत, माय. कव्हाची उभी हायस?"

"आत्ताच आले."

त्यांनी ते ऐकून घेतलं. स्टुलावरून उठायला मी हात दिला. बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. दारापाशी त्यांनी मागे वळून फळीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"जागा हाय ना आता?"

"आहे अप्पा," मी म्हणाले. ते कानाशी हात नेणार होते, तो त्यांनी अर्ध्यातूनच खाली घेतला. एकदाच सांगून त्यांना ऐकू गेलं होतं.